श्रीचा वेगळा पाट

ज्योत्सना काय काम करते असं करडीत कोणी विचारलं, की तिचे वडील श्यामलाल दिघोरे एकच उत्तर देतात.

"कंप्यूटरच्या पोटातला गाळ काढते."

विचारणाऱ्याचं समाधान होतं. करडी तळ्याकाठचं गाव. गाळ म्हणजे काय हे तिथं कोणाला सांगावं लागत नाही. एकदा एका पाहुण्याने मात्र पुढं विचारलं, "आन् रोजच काढा लागते का?" तर श्यामलाल म्हणाले, "तुमच्या घरी झाडू का दिवाळीलेच मारता?"

बापाने केलेली ही व्याख्या ज्योत्सनाला आवडते. भंडाऱ्याला ढिवर बांधवांचा मासेमार सहकारी संघ आहे, तिथं ती नोकरी करते. कोणत्या गावचा कोणता तलाव कोणाकडे, त्याचं पाणी किती पसरतं, कोणत्या दिवशी कोणी किती मासळी वजनाला आणली, अशा सगळ्या वर्षांच्या नोंदी तिथल्या कंप्यूटरमध्ये आहेत. एवढ्या नोंदींच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात, आणि ज्योत्सना त्याची राखणदार. लोकांना वाटतं, राखणदाराचं काम बिघडल्यावर. पण देवघर सांभाळणाऱ्या बाईला विचारा. समईची काजळी रोज पुसावी लागते, वात रोज सारखी करावी लागते, कालचं फूल आज उचलावं लागतं. एक दिवस राहिलं तर देव रागवत नाही. महिनाभर राहिलं तर देवच दिसेनासा होतो.

संघाच्या कंप्यूटरचं तसंच झालं होतं.

ज्योत्सना तिथं लागली त्याच्या आधीच्या श्रावणातली गोष्ट. दरवर्षी त्या महिन्यात संघ आपल्या सभासदांना मत्स्यबीज वाटतो. बोटाच्या पेराएवढी रोहू-कतल्याची पिल्लं, त्यांना बोटुकल्या म्हणतात. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात बोटुकल्या, वर ऑक्सिजन भरून तोंड घट्ट बांधलेलं. त्या पिशवीतला श्वास मोजका असतो. तो संपायच्या आत ती आपल्या तलावावर पोहोचली पाहिजे. आणि पिशवी हाती मिळते पावती दाखवल्यावर. पावती कधी निघणार? तर खिडकीवरच्या मुलीने नाव टाकलं, मशीनने त्या माणसाच्या वर्षभराच्या नोंदी शोधल्या, त्यावरून किती पिशव्या ते ठरवलं, की मग.

त्या दिवशी नाव टाकलं की पडद्यावर गोल चक्र फिरायचं. फिरतच राहायचं. एकेका नावाला माणूस चहा पिऊन यावा इतका वेळ. रांग फाटकाबाहेर गेली, ऊन डोक्यावर आलं आणि भरलेल्या पिशव्या ओसरीत तापत पडल्या. करडीची पाळी शेवटची. श्यामलालनी गावी पोहोचून पिशव्यांची तोंडं सोडली, तेव्हा पाण्यावर नुसती पांढरी पोटं तरंगली.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. जाळं खुंटीला अडकवलं आणि वर्षभर गवंड्याच्या हाताखाली गेले. तलाव रिकामा राहिला.

ज्योत्सना तेव्हा नागपूरला एका कंपनीत हेच काम करत होती. संघाने माणूस पाहिजे म्हणून कळवलं तशी ती आली. संघाचे अध्यक्ष जागेश्वर भाऊ सरळ माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "हे पाह्य बाई, यंदा जर बोटुकल्या मेल्या, तं सभासद खाजगी व्यापाऱ्याच्या दारात जातीन. मी कोणत्या तोंडानं अडवू? मंग ह्या खोलीले कुलूप लावतो आन् संघालेही."

हे ऐकून तिची आई बायाबाई करवादली. "दुसऱ्याचं घोंगडं आपल्या गळ्यात कायले घेतेस वो?"

"माय, पिशवीत मेल्या त्या आपल्याच व्हत्या ना?"

बायाबाई पुटपुटत चुलीकडे वळली. देवापुढं मात्र त्या दिवसापासून एक वात जास्त लागायला लागली.

सगळ्यांचं मत पडलं होतं की मशीन म्हातारी झाली, नवी घ्या. ज्योत्सनाने अध्यक्षांकडून थोडी मुदत मागून घेतली. अशा मशीनला एक बरं असतं. तू शोधतेस कशी, असं तिला विचारता येतं, आणि ती खरं सांगते. ज्योत्सनाने विचारलं. उत्तर वाचून तिने कपाळाला हात लावला. मंगरू म्हणून एक नाव शोधायचं तर मशीन बारा वर्षांच्या वजनाच्या नोंदी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. दर माणसाला नव्याने. म्हणजे मूठभर जिऱ्यासाठी आख्खं कोठार उपसायचं, पुन्हा भरायचं, आणि पुढच्या मुठीला पुन्हा उपसायचं.

तसं होऊ नये म्हणून नावांची अनुक्रमणिका असते. पुस्तकाच्या शेवटी असते तशी. 'म' काढा, मंगरू सापडला. अनुक्रमणिका तर केलेली होती! मग मशीन तिच्याकडे बघत का नव्हती? ज्योत्सनाने ती उघडली.

श्री. मंगरू. श्री. परसराम. श्री. श्यामलाल. श्री. श्री. श्री.

मांडणीवरच्या दर डब्यावर आधी 'डबा' लिहावं, डबा साखर, डबा मीठ, डबा हळद, आणि मग 'ड'खाली साखर शोधावी, तशी गत. 'म'खाली एकही मंगरू नव्हता. सगळा जिल्हा 'श्री'खाली गोळा. पूर्वी कोणीतरी वैतागून मशीनला हुकूम दिला होता, की नाव आत कुठंही असलं तरी हुडकून काढ. झालं, तेव्हापासून अनुक्रमणिका शोभेपुरती आणि मशीनची पायपीट चालू.

हे श्री लिहायला लावले होते गोपाळरावांनी. गोपाळराव संघाचे जुने बडे बाबू. घराणं कोष्ट्याचं, वडील करवती काठाची लुगडी विणायचे. एक धागा इकडचा तिकडं झाला तर पुन्हा उसवणारा माणूस. ज्योत्सना त्यांच्या टेबलापाशी गेली.

"काका, हे श्री काढा लागते."

गोपाळरावांनी चष्मा काढला. "काय काढा लागते?"

"श्री. नावाइच्या आधीचा."

"कोणाच्या?"

"सगळ्याइच्या."

खिडकीवर बसणारी मोनिका तिकडून ओरडली, "झालं! आता काका राजीनामा लिहितात. आन् त्याच्यावरही आधी श्री काढतीन."

"तू आपलं तोंड बंद ठेव वो मोनिका," गोपाळराव म्हणाले. पण हसले नाहीत. ज्योत्सनाला त्यांनी समोर बसवलं. "बेटा, तू लहान व्हतीस. तलाव ठेकेदाराकडे व्हते तवा त्याच्या वहीत कशी नावं राहत मालूम आहे? मंगऱ्या. परश्या. श्याम्या. म्हाताऱ्या माणसालेही तसंच. संघ झाला त्या दिवशी मी ठरवलं, ह्या दारात कोणाचं नाव उघडं लिहायचं नाही. आता तुह्या मशीनले दम लागते म्हणून पुन्हा श्याम्या लिहू का?"

श्याम्या म्हणताना त्यांना आठवलं असावं की हा हिचा बाप. ते खिडकीबाहेर बघायला लागले. ज्योत्सना उठून आपल्या जागेवर गेली. मशीनचं खरं होतं आणि काकांचंही.

तो आठवडा तसाच गेला. वाटप जवळ येत होतं, अध्यक्ष येता-जाता "का झालं?" विचारत होते, आणि ज्योत्सना "पाहून राहिली साहेब" म्हणत होती.

आषाढातल्या शेवटच्या शुक्रवारी गोपाळरावांच्या बायकोने, शोभाताईंनी, ऑफिसातल्या दोघी मुलींना जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे त्या दिवशी देवीला पुरणाचा नैवेद्य असतो. स्वयंपाकघरात पाट मांडलेले. एकाला रांगोळी, बाकीचे साधे. मोनिका आली तशी रांगोळीच्या पाटावर टेकायला गेली.

"अवो अवो! तो देवीचा व्हय! तुहा तिकडे." शोभाताईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "एका पाटावर देव आन् माणूस कसे बसतीन? दोघाइलेही अवघड."

मोनिका जीभ चावून सरकली. ज्योत्सना मात्र बसता बसता थांबली, त्या रांगोळीच्या पाटाकडे बघत.

"काका," ती म्हणाली, "श्री काढायचा नाही."

"मी तं पह्यलेच म्हटलं."

"श्रीले वेगळा पाट मांडू."

ज्योत्सनाने ताटाशेजारी बोटानेच दोन रकाने आखले. "सध्या नावाच्या रकान्यात श्री आन् माणूस दोघंही कोंबलेले आहेत. श्रीले त्याचा स्वतःचा रकाना द्यायचा, नावाच्या आधी. नावाच्या रकान्यात फक्त नाव. मशीन शोधन नावाच्या पाटावर, आन् पावती छापताना आधी श्री येईन, मंग नाव. जसं आता येते तसंच."

"पावतीवर दिसन?"

"ठळक."

"श्रीमती आहे तिचं?"

"तेही त्याच पाटावर."

"कैलासवासी?"

"काका, त्याइले बीज कोण वाटते?" मोनिका म्हणाली. शोभाताईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी देवाले वेगळा पाट देऊन राहिली, आन् तुम्ही आडवं कायले लावता?"

गोपाळरावांनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली. "पह्यले छापून दाखव मले," एवढंच म्हणाले.

काम रविवारी करायचं ठरलं. ऑफिस बंद, कोणी नोंद करत नाही. देवघर धुवायला काढलं की त्याच वेळी पूजा होत नाही, तसंच हे.

ज्योत्सनाची एक सवय आहे. जिवंत डेटाबेसला हात लावायच्या आधी त्याची प्रत काढायची, ती दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची, आणि काय प्रयोग करायचा तो आधी त्या प्रतीवर करायचा. संघात प्रत रोज निघत होती. ज्योत्सनाने रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात ती उघडून पाहिली, तर अर्धीच. तोंड बांधलेली पिशवी, आत पाणी नाही. वर्षानुवर्षं कोणी गाठ सोडूनच पाहिली नव्हती. तेव्हापासून तिने ती वळणावर आणली होती.

तर त्या रविवारी तिने ताजी प्रत उघडली आणि श्रींना त्यांच्या पाटावर बसवलं. शेजारी गोपाळराव, मोनिका सुट्टी असून तमाशा बघायला आलेली.

"अड्याळकडचा श्रीपत वलथरे काढ बरं," गोपाळराव म्हणाले.

ज्योत्सनाने 'श्रीपत' टाकलं. काहीच नाही. पुन्हा टाकलं. नाही. मग तिने वलथरे आडनावाचे सगळे समोर घेतले आणि तिचा चेहरा उतरला. पडद्यावर लिहिलं होतं: पत वलथरे.

मोनिका टेबल बडवून हसायला लागली. "काका, श्री गेली, पत तेवढी राहिली!"

"आन् श्रीराम?" गोपाळराव घाबरून म्हणाले. "श्रीहरी?"

राम होता. हरीही होता. काही जुन्या नोंदींत श्रीपुढं टिंब नव्हतं म्हणून ज्योत्सनाने टिंबाचा आग्रह धरला नव्हता, आणि मशीनने हुकुमाप्रमाणे दिसेल तो श्री उचलला होता. मशीनला भक्ती कळत नाही, हुकूम कळतो. ज्योत्सनाचे कान लाल झाले. नागपुरात चार वर्षं काढली आणि चूक ही अशी!

"बरं झालं, प्रतीवर झालं," ती म्हणाली. "खऱ्यावर झालं असतं तं राम-हरीच्या पाया पडा लागलं असतं."

"आताच पडून घे, देवाचं नाव घेतलंच आहे तं," गोपाळराव म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा तेही हसले.

दुसऱ्या वेळी तिने नीट बजावलं: श्रीपुढं टिंब किंवा जागा असेल तरच उचल, जोडून आला असेल तर हात लावू नको. श्रीपत आख्खा परत आला. श्रीराम आला, श्रीहरी आला. जिथं शंका होती ती नावं गोपाळरावांनी एकेक वाचून सांगितली. मग ज्योत्सनाने आत कुठंही शोधायचा तो जुना हुकूम काढून टाकला आणि 'मंगरू' टाकलं.

गोपाळराव पडद्याकडे बघत बसले. "हं. आता शोध."

"शोधलं, काका."

"कवा?"

त्यांनी पावती छापून घेतली, उजेडात धरली, श्रीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "कर आता खऱ्यावर."

खऱ्यावर केलं. ते झाल्यावर निर्माल्य काढलं. म्हणजे असं, की एखादी नोंद सुधारली की जुनी मशीनच्या पोटात तशीच पडून राहते, दिसत नाही पण जागा अडवते. बारा वर्षांचं ते वाळलेलं फूलपान निघालं. शेवटी मशीनला तिने सगळ्याची नव्याने मोजदाद करायला लावली. कुठं किती सामान आहे हे घरच्या बाईलाच माहीत नसेल तर ती हात कुठं घालणार? संध्याकाळी अध्यक्ष डोकावले.

"मंग नवी मशीन नाही घ्यायची?"

"पुढंमागं लागन साहेब. पण पह्यले घर झाडू, मंग मोठं घर बांधू."

श्रावणात वाटपाचा दिवस उजाडला. गोपाळरावांनी खोलीच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. रांगेत पहिला होता सिहोऱ्याकडचा मंगरू. मागच्या वर्षीचा अनुभव म्हणून त्याने सोबत चादर आणि दोन वेळचा डबा आणलेला. नाव सांगितलं, पावती हातात आली. तो तिथंच उभा.

"सरक न भाऊ," मागच्याने ढकललं.

"झालं माह्यं?" मंगरू म्हणाला. "आता ह्या डब्याचं का करू?"

"मले दे!" मोनिका म्हणाली, आणि रांग हसत पुढं सरकली.

दोन तास असं सुरेख चाललं. अड्याळच्या पिशव्या गेल्या, सिहोऱ्याच्या गेल्या. करडीचे लोक पुढं यायला लागले, त्यात श्यामलालही होते. आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं.

मोनिकाचा हात थांबला. रांगेतल्या सगळ्यांनी ओसरीतल्या पिशव्यांकडे पाहिलं. ऊन पायरी चढून त्यांच्यापर्यंत आलं होतं. गोपाळराव पुटपुटत होते ते स्तोत्र होतं की शिवी, कळायला मार्ग नव्हता. श्यामलालनी लेकीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. आपली नजर तिला जड होऊ नये म्हणून.

ज्योत्सना आपल्या मशीनपाशी बसली. मनात नाव घेतलं, आणि विचारलं: सध्या आत काय काय चाललंय, कोणामुळं कोण थांबलंय? मशीन खरं सांगते. अध्यक्षांच्या खोलीतून एक हुकूम आला होता. सगळ्या तलावांच्या बारा वर्षांच्या मासळीची बेरीज आणि तुलना. एकटा तो हुकूम आख्खी मशीन अडवून बसला होता.

ती धावत त्यांच्या खोलीत गेली. समोर पाहुणे बसलेले, जागेश्वर भाऊ त्यांना कौतुकाने कंप्यूटर दाखवत होते.

"साहेब, हे बंद करा लागते."

"काहून? आता तं सुरू केलं. म्हटलं आपली मशीन पळून राहिली, पाहुण्याइले दाखवू."

"बाहेर बोटुकल्या श्वास घेऊन राहिल्या साहेब. बेरीज उद्याही होईन."

अध्यक्षांनी पडद्यावरून हात असा काढला जसा तव्याला लागला. "मी निस्तं बटन दाबलं बापा!"

ज्योत्सनाने तो हुकूम थांबवला. बाहेरून मोनिकाचा आवाज आला, "आलं वो!" आणि छापायच्या यंत्राची करकर सुरू झाली. त्यानंतर आठवडाभर अध्यक्ष पंख्याचं बटन दाबतानाही विचारत होते, "ज्योत्सनाबाई, दाबू का?" तिने मनाशी मात्र ठरवलं, की वाटपाच्या दिवशी असले मोठे हुकूम आपोआप अडतील अशी सोय पुढच्या आठवड्यात करायची. आधी सुचायला हवं होतं.

शेवटच्या पावत्या करडीच्या. मोनिकाने वाचली, "श्री. श्यामलाल दिघोरे." श्यामलालनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"गोपाळराव, राम राम."

"राम राम श्यामलालजी. लवकर निघा."

ऊन अजून कोवळंच होतं म्हणायला हरकत नव्हती. खिडकी बंद झाली तशी ज्योत्सनाही टेम्पोत बसली, पिशव्यांच्या मधोमध, ओलं पोतं त्यांच्यावर धरून. वाटभर तिने एकाही पिशवीकडे निरखून पाहिलं नाही.

तलावाच्या पाळीवर बायाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिने पाण्याला हळदकुंकू वाहिलं. श्यामलाल गुडघाभर पाण्यात उतरले आणि पिशव्या बांधलेल्याच पाण्यावर सोडल्या. त्या डुलत राहिल्या.

"बाबा, सोडा ना आता," ज्योत्सना काठावरून म्हणाली.

"थांब. आतलं पाणी आन् बाहेरचं पाणी एक होऊ दे. नव्या घरात लगेच ढकलते का कोणी?"

बायाबाईचे ओठ हलत होते. ज्योत्सनाने चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि पाण्यात बापाशेजारी जाऊन उभी राहिली. श्यामलालनी पहिली पिशवी हाताने चाचपली, गाठ सोडली, तोंड हळूच पाण्यात बुडवलं. आधी काहीच बाहेर आलं नाही. नुसत्या दोन-चार मेलेल्या पोट वर करून तरंगत आल्या.

मग पिशवीच्या तोंडाशी एक बोटुकली थबकली, जशी उंबऱ्यावर नवी नवरी. ती निघाली, तिच्यामागं दुसरी, आणि मग आख्खी पिशवीच वाहायला लागली. काळ्या रेघा पाण्यात फाकल्या, ज्योत्सनाच्या पायांना गुदगुल्या करत निघून गेल्या.

"जित्या हायत का?" बायाबाईने पाळीवरून विचारलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच.

"डोळे उघड न, पाह्य," श्यामलाल म्हणाले, आणि दुसऱ्या पिशवीची गाठ त्यांनी लेकीच्या हातात दिली.